जखम उघडी ठेवण्याची विद्या

तिन्हीसांजेला देवापाशी आपण जी काडी लावतो तिला मराठीत उदबत्ती म्हणतात. यातला ‘ऊद’ अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ नुसता ‘लाकूड’. अगरबत्ती हा दुसरा शब्द त्याच झाडाचे संस्कृत नाव घेऊन आला. एकाच झाडाची दोन नावे दोन वेगळ्या वाटांनी आपल्या देवघरात पोचली, आणि झाड मात्र बहुतेक मराठी माणसांनी जन्मात पाहिलेले नसते. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा आणि वावडिंगाबरोबर ऊद टाकत. तो वाण्याकडून पुडीत बांधून आलेला लोबानाच्या जातीचा डिंक असे. शब्द उदाचा, वस्तू दुसरीच. खरा ऊद मध्यमवर्गीय घरात शेगडीवर टाकायची चीज कधीच नव्हती. चांगल्या प्रतीच्या लाकडाला आज किलोमागे हजारो डॉलर मोजले जातात.

अमरकोशात या लाकडाची जी नावे दिली आहेत ती एकेक करून पाहण्यासारखी आहेत. राजार्ह म्हणजे राजाला शोभणारे. अगुरु म्हणजे जड नसलेले. त्याच्याच शेजारी लोह, म्हणजे लोखंड! एकच लाकूड हलकेही आणि लोखंडही, हे कसे? निरोगी झाड चिरले तर आत पांढरट, हलके, बिनवासाचे लाकूड निघते. सरपणापलीकडे त्याला फारशी किंमत नाही. तेच लाकूड आतून राळेने भरले की काळपट होते आणि इतके जड होते की पाण्यात बुडते. चिनी भाषेत त्याचे नावच ‘बुडणारा सुगंध’ अशा अर्थाचे आहे. पण या यादीतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे नाव आहे कृमिज. किड्यापासून जन्मलेले. खोडात अळी शिरते, भोके पाडते, त्या वाटेने बुरशी आत जाते, आणि त्या जखमेभोवती झाड सुगंध साठवते. हे कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी पाहिले आणि एका शब्दात बांधून ठेवले. आसामातल्या अगर पिकवणाऱ्यांना ती अळी आजही ओळखीची आहे.

या एका शब्दाचा पुढचा धडा लिहिला गेला तो अशा गावी, जिथे हे झाड उघड्यावर एक हिवाळाही काढू शकणार नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात, थंडीत पारा कधीकधी उणे तीस अंश सेल्सियसपर्यंत उतरतो आणि मिसिसिपी नदीवर बर्फ धरतो. तिथल्या मिनेसोटा विद्यापीठात वनस्पतिरोगशास्त्राचा जुना विभाग आहे. १९३०च्या दशकात वनशास्त्र शिकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलाने तिथे एल्विन स्टॅकमन यांचे गव्हावरच्या तांबेऱ्यावरचे व्याख्यान ऐकले आणि झाडांकडून तो रोगांकडे वळला. त्याचे नाव नॉर्मन बोरलॉग. १९४२ साली त्यांनी तिथूनच डॉक्टरेट घेतली, आणि पुढे त्यांच्या बुटक्या गव्हाच्या वंशातले वाण आपल्याकडे शेतोशेती गेले. रोगाशी लढून धान्य वाचवणे हे या विभागाचे कुळाचाराइतके जुने काम.

याच विभागात रॉबर्ट ब्लँचेट लाकडाच्या कुजण्याचा अभ्यास करतात. अंटार्क्टिकावर स्कॉट आणि शॅकलटन यांच्या मोहिमांनी उभारलेल्या लाकडी झोपड्या कोणत्या बुरशीने खाल्ल्या जात आहेत, तुर्कस्तानातल्या गोर्डियनच्या प्राचीन थडग्यातले लाकूड कशाने झिजले, असे प्रश्न त्यांच्या प्रयोगशाळेने सोडवले आहेत. अशा माणसाकडे अगरूचा प्रश्न जावा यात मला एक सुरेख औचित्य दिसते. इतर सगळीकडे लाकडाला रोगापासून वाचवायचे. इथे प्रश्न असा, की झाड न मारता त्याला नेमके किती आजारी पाडायचे?

हा प्रश्न समजून घ्यायचा तर झाड जखमेचे काय करते ते आधी पाहायला हवे. आपल्या त्वचेवर खरचटले की तिथे नवी त्वचा येते, जुनी जागा भरून निघते. झाडाचे तसे नसते. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून हे दाखवून दिले. झाड बिघडलेला भाग दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती ते रासायनिक भिंती घालते, तो भाग कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवत पुढे जाते. १९७७ साली त्यांनी हा सिद्धांत सचित्र पुस्तिकेतून मांडला. जुन्या आंब्याच्या फांदीवर कुऱ्हाडीचा घाव बसलेला असतो, त्यावर दोन्ही बाजूंनी सालीचे ओठ येऊन मिटतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आत तो घाव तसाच असतो, फक्त बंद खोलीत.

अगरूच्या झाडात या भिंतीसाठी वापरला जाणारा माल सुगंधी असतो, एवढाच काय तो फरक. आणि या फरकावर सगळा व्यापार उभा आहे. या झाडाच्या शास्त्रीय प्रजातीचे नाव अ‍ॅक्विलेरिया; त्याच्या वीसच्या आसपास जाती आशियाच्या उष्ण पट्ट्यात आहेत, आणि जायरिनॉप्स नावाची भावंड प्रजातीही तसेच लाकूड देते. बहुतेक झाडांत अन्नरस वाहणाऱ्या पेशी सालीलगत असतात. अ‍ॅक्विलेरियात त्यांची छोटी छोटी बेटे थेट लाकडाच्या आत विखुरलेली असतात. त्यामुळे लाकूड आतूनही जिवंत असते, पिष्ट साठवून असते, आणि जखम झाली की हा साठा खर्च करून राळ बनवू शकते. जखमेभोवती आधी फिकट तपकिरी, मग गडद, मग काळसर अशी कड उमटते. ती कड म्हणजे ऊद.

आता अडचण लक्षात येईल. झाड धडधाकट असले तर ते जखम चटकन मिटवते आणि राळ बनवणे थांबवते. जंगलात दहा झाडे तोडली तर एखाद्यातच काही मिळते असे म्हणतात ते यामुळे. आत काही आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून लोक दिसेल ते झाड पाडत गेले. गावोगावचे जुने उपायही झाडावर घाव घालण्याचेच: खिळे ठोकणे, कोयत्याने साल सोलणे. खिळा मारला की खिळ्याभोवती बोटभर काळे होते, आणि तेवढ्यावर थांबते.

ब्लँचेट आणि डच संस्था ‘द रेनफॉरेस्ट प्रोजेक्ट’चे हेन्री ह्यूव्हेलिंग व्हान बेक यांनी १९९०च्या दशकात व्हिएतनाममध्ये यावर काम केले. दक्षिणेकडचा आन जियांग प्रांत, मेकाँगच्या सपाट खोऱ्यातून अचानक वर आलेले डोंगर. तिथे लावलेल्या कोवळ्या झाडांवर प्रयोग झाले. निघालेला उपाय ऐकायला अगदी साधा आहे. खोडाला छिद्र पाडायचे, त्यात पोकळ नळी बसवायची आणि तिचे टोक सालीबाहेर राहू द्यायचे. साल वाढून भोक बुजवू शकत नाही, हवा आत जात राहते, जखम उघडी राहते. सोबत आतल्या जिवंत पेशींना डिवचत राहील असे द्रव्य भरायचे. झाड भिंत बांधत राहते, कारण धोका टळल्याची खूण त्याला मिळतच नाही. या पद्धतीला २००५ साली अमेरिकेत पेटंट मिळाले.

कागदावर हे चार ओळींत मावते. हातात गिरमिट घेतले की मावत नाही. छिद्र किती खोल? फार उथळ गेले तर राळ धरायला लाकूडच कमी. फार खोल आणि फार जवळजवळ पाडली तर वाऱ्यात खोड मोडते किंवा झाड वाळते. आणि मेलेले झाड राळ बनवत नाही. खोडाभोवती छिद्रे फिरत वर जावीत, एका रेषेत नकोत, नाहीतर रसाची वाट तुटते. झाड अगदीच काडीसारखे असताना घाई केली तर उपयोग नाही. चार-पाच वर्षे वाढवून खोड हाताशी आले की छिद्रे, आणि त्यानंतर आणखी वर्ष-दोन वर्षे वाट. मधल्या काळात एखादे झाड नमुन्यादाखल तपासायचे. मग तोडणी, आणि त्यानंतर सर्वांत किचकट काम: बारीक पटाशीने पांढरे लाकूड कोरून काढायचे आणि काळे तेवढे ठेवायचे. बसल्या जागी एक माणूस तळहाताएवढ्या तुकड्यावर कितीतरी वेळ घालवतो. पांढरे जास्त राहिले तर भाव पडतो, काळे उडाले तर मालच गेला. खालच्या प्रतीचा चुरा पाण्यात भिजत घालून त्याचे अत्तर काढतात.

पुस्तकातून हे येत नाही, हातातून हातात जाते. म्हणून या कामात प्रशिक्षणाला एवढे महत्त्व आले, आणि इथे मिनेसोटा विद्यापीठ कोणत्या परंपरेतले आहे हे सांगितले पाहिजे. १८६२ साली लिंकन यांच्या सहीने मॉरिल कायदा झाला. प्रत्येक राज्याला केंद्राने जमीन दिली, ती विकून आलेल्या पैशांतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी विद्यापीठे उभी राहिली. (ही जमीन मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, मिनेसोटात प्रामुख्याने डकोटा आणि ओजिब्वे लोकांची. या विद्यापीठांचे गुण गाताना हे विसरून चालणार नाही.) १९०३ साली टेक्सासमधल्या टेरेल गावी सीमन नॅप यांनी एका शेतकऱ्याच्याच रानात, त्याच्याच हातांनी नव्या पद्धतीचे पीक काढून दाखवले. शेतकरी ऐकलेल्यावर शंका घेतो, पाहिलेल्यावरही घेतो, पण स्वतः केलेल्यावर घेत नाही, असे त्यांचे सूत्र होते. १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने हीच रीत देशभर लागू झाली: विद्यापीठाचा माणूस जिल्ह्यात राहणार, बांधावर जाणार.

आपली राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची कृषी विद्यापीठे याच नमुन्यावरून घडली. त्याच्याही आधी वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीच्या दिवसांत ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या अशाच संस्थांत शेती शिकले, आणि पुढे मेक्सिकोत त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना भित्तिचित्रात रंगवले. परदेशात शिकलेली विद्या तिसऱ्याच देशातल्या शेतकऱ्याच्या हाती देण्याचे काम एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी केले होते, याचा मला फार अभिमान वाटतो. अगरूच्या गोष्टीत तोच प्रवास पुन्हा दिसतो.

तो दिसतो पापुआ न्यू गिनीत. तिथल्या जंगलात जायरिनॉप्सची झाडे होती, पण त्यांच्या लाकडाला जगात किंमत आहे हे गावकऱ्यांना १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ठाऊक नव्हते. ठाऊक झाले ते व्यापाऱ्यांमुळे. नदीकाठच्या सेपिक भागात बाहेरचे खरेदीदार शिरले आणि झाडे भराभर पडू लागली. ज्याला प्रत ओळखता येत नाही त्याने विकायचे आणि ज्याला येते त्याने घ्यायचे, मग भाव कोण ठरवणार हे उघड आहे. त्या देशात बहुतेक जमीन कुळांच्या सामाईक मालकीची आहे. झाड पडले की फक्त एका माणसाचे जात नाही, सगळ्या कुळाचे जाते.

मिनेसोटाच्या चमूने तिथे गावकऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना प्रशिक्षण दिले. ब्लँचेट, जोएल जर्गेन्स आणि व्हान बेक यांनी त्या प्रशिक्षणावर आणि संशोधनावर पुस्तिका काढली. उद्देश असा, की जंगलातली शेवटची झाडे शोधत फिरण्यापेक्षा परसात आणि बागेत लावलेल्या झाडातून माल निघावा.

या शिकवण्यात शेतकरी आणि विद्यार्थी दोघेही का हवेत? मला वाटते, याचे कारण पिकाच्या मुदतीत आहे. भात दर वर्षी चुकतो आणि दर वर्षी सुधारता येतो. अगरूचा शेतकरी रोप लावतो, सहा-सात वर्षांनी निकाल पाहतो. एका आयुष्यात त्याच्या वाट्याला असे चार-पाचच अनुभव येणार. चूक नेमकी कुठे झाली, छिद्रात, द्रव्यात, जमिनीत की रोपाच्या जातीत, हे एकट्याच्या आठवणीतून कळणे अवघड. वही ठेवणारा विद्यार्थी वीस गावांतली शंभर झाडे एकमेकांशी ताडून पाहू शकतो. उलट विद्यार्थ्याला जे दिसत नाही ते शेतकऱ्याला दिसते: कोणत्या उताराला पाणी साचते, कोणते झाड वरून हिरवे असूनही खचलेले आहे.

बियाण्याचेच पाहा. अगरूचे फळ पिकले की दोन फाकांत उघडते आणि बी बारीक दोऱ्याला लटकून राहते. हे बी सुकले की मरते. धान्यासारखे कणगीत ठेवून पुढच्या पावसाळ्यात पेरता येत नाही. पडल्यापासून थोड्याच दिवसांत रुजवावे लागते. ज्या गावात आई-झाडे उरलेली नाहीत तिथे रोप आणायचे कुठून? म्हणून प्रशिक्षणाचा पहिला धडा जखमेचा नसून बी देणारी झाडे राखण्याचा असावा लागतो. रोपाला सुरुवातीला सावली हवी, पाणी न साचणारी जमीन हवी. नुसत्या अगरूचीच दाट लागवड केली तर पाने खाणारी एक अळी येते आणि बघता बघता झाडे बोडकी करून जाते. आसामात लोक परसात सुपारीच्या जोडीला अगर लावत आले आहेत. त्या सरमिसळीत मोठे शहाणपण आहे.

कायद्याचा धडाही त्यात आलाच. १९९४च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल शहरात साइट्स करारातल्या देशांची परिषद भरली. संकटात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा हा करार. तिथे भारताच्या प्रस्तावावरून आसामात वाढणारी अ‍ॅक्विलेरियाची जात दुसऱ्या परिशिष्टात घेतली गेली: व्यापार करता येईल, पण सरकारी दाखल्यासह. २००४ साली बँकॉकच्या परिषदेत अ‍ॅक्विलेरिया आणि जायरिनॉप्सच्या सगळ्याच जातींना हा नियम लागू झाला. अमेरिकेने २००८ साली आपल्या जुन्या लेसी कायद्यात वनस्पतीही आणल्या, त्यामुळे चोरीचे लाकूड तिथे नेणे हाही गुन्हा ठरला. हे सगळे योग्यच आहे. पण कागद नसेल तर स्वतः लावलेल्या झाडाचा माल आणि जंगलातून चोरलेला माल सारखाच दिसतो. लागवडीची तारीख, रोपाची पावती, तोडणीची नोंद हे शेतकऱ्याला पहिल्या दिवसापासून जपायला शिकवले नाही, तर दहा वर्षांनी चांगला माल हातात असून तो परका ठरतो.

पेटंटबद्दलही स्पष्ट बोलावे. कृमिज हा शब्द ज्यांनी घडवला त्यांनी जखम आणि सुगंध यांचे नाते हक्काने नोंदवून घेतले नव्हते. नळीने जखम उघडी ठेवण्याची युक्ती नवी होती, कष्टाने सिद्ध केलेली होती, पण ती वापरणाऱ्या शेतकऱ्याला कुणाची तरी परवानगी लागावी हे मला खुपत असे. अमेरिकन पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षांची असते, त्यामुळे आता तो अडसर उरलेला नाही. आता अडते ते फक्त ज्ञान पोचण्यापाशी.

आणि नेमके तिथेच आपल्याकडे भीती वाटते. कोकणात आणि घाटमाथ्यावर गेली काही वर्षे अगरूच्या रोपांच्या जाहिराती फिरत आहेत. एकरी इतकी रोपे, इतक्या वर्षांत इतके कोटी. आपण हे आधी पाहिलेले आहे. नव्वदच्या दशकात सागाच्या योजना आल्या, मग सफेद मुसळी आली, मग इमू आले. प्रत्येक वेळी रोप किंवा पिल्लू विकणारा पैसे मिळवून गेला आणि पीक हातात घेऊन शेतकरी गिऱ्हाईक शोधत राहिला. अगरूचे झाड कोकणच्या पावसात वाढणार नाही असे मी म्हणत नाही. ते वाढेल, चांगले डेरेदार होईल. पण आतून पांढरे राहील. रोप विकणाऱ्याच्या पुस्तिकेत झाडाची उंची असते, खोडाचा घेर असतो. छिद्र कोण पाडणार, द्रव्य काय, ते कुणी तपासले, पटाशी कोण चालवणार आणि प्रत कोण ठरवणार, याचे पान नसते.

रोपे घ्यायला निघालेल्या कोकणातल्या कुणीही आधी आसामात होजाई किंवा गोलाघाटकडे एक खेप करावी, किंवा त्रिपुरात, जिथे २०२१ साली राज्याने अगरूसाठी वेगळे धोरण केले. तिथे एखाद्या परसात जाऊन छिद्रे पाडून वर्ष झालेले झाड पाहावे. मालक तयार असेल तर नखाएवढी साल काढून आत बघावे. कडेला तपकिरी रेघ दिसते, ओल्या लाकडाला अजून वास नसतो. ती ढलपी निखाऱ्यावर नाही, निखाऱ्यावर ठेवलेल्या अभ्रकाच्या पत्र्यावर ठेवायची. क्षणभर काही होत नाही. मग राळ वितळून कडेने चमकू लागते.